मदत पाऊण तासावर: अमेरिकेच्या ग्रामीण भागातला डेप्युटी शेरीफ

गेल्या हिवाळ्यात नेब्रास्का राज्यातल्या एका आडरस्त्यावर माझ्या भाच्याच्या गाडीमागे लाल-निळे दिवे लागले. मागच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत ‘शेरीफ’ लिहिलेलं होतं. भाच्याने आपल्याकडच्या सवयीने केलं ते असं: गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि लायसन्स हातात धरून तो मागे चालू लागला. आपल्याकडे साहेबांपर्यंत आपण होऊन चालत जाणं ही अदब. तिथे मात्र जोरात ओरडणं ऐकू आलं, ‘गाडीत बस!’ त्या माणसाचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेलेला त्याला दिसला. पुढच्या दोन मिनिटांत सगळं निवळलं. मागचा एक दिवा बंद होता, एवढंच कारण. तोंडी समज देऊन त्याला सोडलं. रात्री फोनवर मात्र पोराचा आवाज कापत होता. “मावशी, मी काय वावगं केलं गं?”

वावगं काहीच केलं नव्हतं त्याने. पण त्या माणसाने हात पिस्तुलाकडे का नेला, हे कळायचं तर त्या क्षणी त्याच्या मदतीला येऊ शकणारा दुसरा माणूस किती लांब होता, हे आधी समजून घ्यायला हवं. ग्रामीण अमेरिकेतल्या या नोकरीचं जवळजवळ सगळं कोडं त्या एका अंतरात आहे.

आधी शब्द बघू. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, आणि बहुतेक प्रत्येकीला एक शेरीफ असतो. हा आपल्या पोलीस अधीक्षकासारखा नव्हे. अधीक्षकाला सरकार नेमतं, सरकारच बदली करतं, वर महासंचालक असतो. शेरीफ ५० पैकी ४६ राज्यांत थेट मतदान होऊन निवडून येतो, बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी. त्याची बदली होत नाही आणि त्याला रोज हुकूम सोडणारा वरिष्ठही नसतो. काउंटीचं मंडळ त्याचा पैसा मंजूर करतं, पण गस्त कुठे घालायची हे त्याला सांगू शकत नाही.

‘डेप्युटी’ या शब्दाने आपली गल्लत होते. डेप्युटी कलेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठा अधिकारी येतो. डेप्युटी शेरीफ म्हणजे दोन नंबरचा साहेब नाही, तर शेरीफच्या हाताखालचा साधा शिपाई. कायद्याच्या भाषेत तो शेरीफचा प्रतिनिधी. तो अटक करतो ती शेरीफच्या नावाने, नोटीस बजावतो तीही शेरीफच्या नावाने.

आता अंतर. नेब्रास्काच्या उत्तरेला चेरी काउंटी आहे. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गवत, गवतावर गुरं. क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. चेरी काउंटीत २०२० मध्ये होती साधारण साडेपाच हजार. सगळ्या पुणे जिल्ह्यात एका मोठ्या गृहसंकुलाइतकीच माणसं राहतात असं समजा, आणि त्यांतली निम्मी एकाच गावात. ते गाव म्हणजे व्हॅलेंटाइन, काउंटीचं मुख्य ठिकाण. तिथून पश्चिमेच्या टोकाचं मेरीमन गाव शंभरेक किलोमीटरवर, पुण्याहून भिगवणइतकं. काउंटी इतकी रुंद की तिच्या पश्चिम भागात घड्याळ एक तास मागे असतं.

अशा काउंटीत डेप्युटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातून सुट्ट्या, प्रशिक्षण, न्यायालयाची तारीख, कैदी पोहोचवणं हे वजा करा. रात्री गस्तीला बऱ्याचदा एकच माणूस उरतो. मेरीमनजवळ काही झालं आणि तो व्हॅलेंटाइनला असला, तर दिवे लावून, गाडी सुसाट सोडूनही पाऊण तास. रस्त्यावर बर्फ असेल तर त्याहून जास्त. तिथे पोहोचून मदत मागितली तर ती मदतही तितकीच लांब, आणि तीही कुणाला तरी झोपेतून उठवून.

हे डोक्यात ठेवून भाच्याचा प्रसंग पुन्हा बघा, या वेळी मागच्या गाडीत बसून. थांबवण्याआधी डेप्युटी रेडिओवर गाडीचा नंबर आणि रस्त्यावरच्या मैलाच्या खुणेचा आकडा सांगतो. कारण आपल्याला काही झालंच, तर निदान शोधायचं कुठे एवढं तरी कुणाला माहीत असावं. मग आपली गाडी जराशी तिरकी उभी करतो आणि पुढच्या गाडीत उजेड पडेल असा झोत सोडतो. उतरल्यावर कित्येक जण समोरच्या गाडीच्या डिकीवर तळहात ठेवतात. डिकी नीट बंद आहे ना हे कळतं, आणि आपल्या बोटांचे ठसे त्या गाडीवर राहतात. त्या ठशांचा उपयोग कधी होईल, हे सांगायला नको. मग तो अनेकदा चालकाच्या बाजूने न जाता पलीकडच्या खिडकीशी जातो, म्हणजे मागून येणारी गाडी त्याला उडवणार नाही आणि चालकाचे हातही दिसतील. नजर असते ती हातांवर. काही मिनिटं त्याच्याकडून आवाज आला नाही, तर डिस्पॅचर, म्हणजे कार्यालयात फोन आणि रेडिओ सांभाळणारी बाई, आपण होऊन विचारते, ठीक आहेस ना?

अशात चालकच दार उघडून अंधारातून त्याच्याकडे चालत आला, तर आधीच्या सगळ्या काळजीचा अर्थच उरत नाही. म्हणून तिकडे राहणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला हे सांगून ठेवा: गाडी कडेला घ्यायची, आतला दिवा लावायचा, काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि बसून राहायचं. कागद मागितले की आधी तोंडाने सांगायचं, ‘डॅशबोर्डच्या खणात आहेत, काढतो’, आणि मगच हात हलवायचा. त्याने स्वतः ‘उतर’ म्हटलं तर मात्र उतरायचं. तसं सांगण्याचा अधिकार त्याला १९७७ सालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच आहे. कुणाची अदब कशात दिसते हे त्या त्या मातीवर ठरतं. तिथे अदब म्हणजे हात दिसत राहणं.

अंतरामुळे तो घाबरट होतो का? माझ्या समजुतीप्रमाणे उलट होतं. शहरातला पोलीस भांडणाच्या घरात शिरतो तेव्हा पाठोपाठ आणखी दोन गाड्या येत असतात. ग्रामीण डेप्युटीकडे मुख्य हत्यार म्हणजे बोलणं. नवराबायकोच्या भांडणाचा फोन आला की तो गाडी घरापासून जरा अलीकडेच उभी करतो, दिवे विझवतो, दार वाजवताना दारासमोर न राहता बाजूला उभा राहतो. आणि मग बोलत राहतो. त्या माणसाचा बाप कोण, यंदा गवत कसं आलं, मुलगी कोणत्या वर्गात आहे, हे त्याला माहीत असतं. पुष्कळदा आरोपी हा शाळेतलाच सोबती असतो. ज्याला रात्री बेड्या घालायच्या, तोच रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेला असतो. गस्तीची गाडी डेप्युटीच्या दारातच उभी असते, त्यामुळे त्याचं घर सगळ्या गावाला ठाऊक. आपल्याकडच्या पोलीस पाटलाला हे दुखणं सांगायची गरज पडणार नाही. ज्या गावात राहायचं, त्याच गावाच्या विरोधात कधी तरी उभं राहायचं, हा त्याचाही रोजचाच धडा.

अटक करायची की नाही, याचा हिशोबही अंतर ठरवतं. काउंटीचा तुरुंग चालवणं हेही बहुतेक राज्यांत शेरीफचंच काम. खटला चालू असलेले आणि छोट्या शिक्षेचे कैदी तिथे असतात. पण पुष्कळ लहान काउंट्यांना स्वतःचा तुरुंग परवडत नाही, त्या शेजारच्या काउंटीत भाड्याने खाटा घेतात. दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या एकाला अटक केली, की त्याला पोहोचवून परत येण्यात तीन तास जातात आणि तेवढा वेळ काउंटी उघडी. म्हणून किरकोळ गुन्ह्यात हातात समन्स ठेवून सोडून देणं, किंवा भावाला फोन करून ‘याला घरी घेऊन जा’ म्हणणं जास्त चालतं. यातून माणुसकी घडते, तशी मनमानीही घडते. ज्याचा भाऊ फोन उचलतो त्याची सुटका होते. परगावच्या, परजातीच्या, नव्याने आलेल्या मजुराचा भाऊ कुठून आणायचा? या व्यवस्थेबद्दल आपुलकीने बोलताना हे विसरून चालणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट मात्र गुन्ह्यातली नाहीच. ती आहे मनाचा तोल गेलेल्या माणसांची. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा अवस्थेतल्या माणसाला डेप्युटी नेब्रास्कात ‘इमर्जन्सी प्रोटेक्टिव्ह कस्टडी’खाली ताब्यात घेऊ शकतो. गुन्हा नाही, आरोप नाही, पण ताबा आहे. आणि मानसोपचाराची रिकामी खाट कित्येक तासांच्या अंतरावर. मग मागच्या सीटवर जाळीपलीकडे एक हादरलेला शेतकरी, पुढे एक डेप्युटी, आणि मध्ये रात्रभराचा रस्ता. वाटेत फोन येतो की खाट गेली, आता दुसऱ्या शहराकडे वळा. त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं, घरात बंदूक असतेच, आणि बोलायला जवळपास कुणी नसतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हा माणूस परका वाटणार नाही. शेजारच्या साउथ डकोटात २०२० मध्ये एक योजना सुरू झाली: डेप्युटीच्या हातात टॅबलेट दिला, त्यावर मानसोपचाराची जाणकार व्यक्ती थेट त्या शेतकऱ्याशी बोलते, आणि जमलं तर माणूस आपल्या घरातच सावरतो. देशभर ९८८ हा मदतीचा क्रमांकही २०२२ च्या जुलैपासून चालू आहे. मला ही टॅबलेटची कल्पना फार मोलाची वाटते, कारण तिच्यात आजारी माणसाला बेडीशिवाय मदत मिळण्याची शक्यता आहे.

दुसरं मोठं काम कागदांचं. न्यायालयाचं समन्स बजावणं, घर रिकामं करून घेणं, जप्ती, कर्ज बुडालेल्या मालमत्तेचा लिलाव. या लिलावाला अमेरिकेत ‘शेरीफ सेल’च म्हणतात. १९३० च्या मंदीत नेब्रास्का-आयोवात शेतकऱ्यांची अवजारं, गुरं लिलावात निघाली, तेव्हा शेजारीपाजारी घोळक्याने जमायचे, पाच-दहा सेंटांची बोली लावायचे, बाहेरच्या कुणाला बोलू द्यायचे नाहीत आणि सगळं सामान मूळ मालकाला परत करायचे. ‘पेनी ऑक्शन’ म्हणून ती आठवण अजून सांगतात.

इथे आपल्या मुंबईशी खरा धागा आहे. सुनील गावस्कर १९९४ मध्ये मुंबईचे शेरीफ होते, त्याआधी दिलीपकुमार होते, हे अनेकांना आठवत असेल. मराठीत आपण ‘नगरपाल’ म्हणतो. ते पद मानाचं, वर्षभराचं. पण त्या मानाच्या पदामागे उच्च न्यायालयाशी जोडलेलं एक कार्यालय आहे, आणि एखाद्या जहाजावर जप्ती आली तर तो हुकूम बजावणं, जहाजाचा लिलाव करणं हे काम मुंबईच्या शेरीफच्या नावानेच होतं. मूळ एकच: इंग्लंडमधल्या ‘शायर’चा, म्हणजे परगण्याचा, ‘रीव्ह’, म्हणजे राजाचा कारभारी. त्याची एक फांदी मुंबईत आली आणि मानाची झाली. दुसरी अमेरिकेत गेली, राजा सोडून मतदाराला जोडली गेली आणि तिच्या कमरेला पिस्तूल लागलं. टेक्सासमध्ये तर दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत शेरीफ साधारणपणे करवसुलीही करतो. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक काउंट्यांत मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनरही तोच.

शेरीफ मतदाराला जोडलेला असल्याची किंमत डेप्युटी मोजतो. तो ज्याचा प्रतिनिधी, तो माणूस निवडणुकीत पडला की याची नोकरी डळमळते. अनेक राज्यांत नवा शेरीफ जुन्या डेप्युटीला पुन्हा शपथ द्यायलाच नकार देऊ शकतो. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनचा खटला यासाठी प्रसिद्ध आहे. २००९ च्या निवडणुकीनंतर तिथल्या शेरीफने आपल्या कार्यालयातल्या काही जणांना परत नेमलं नाही, आणि त्यांतले सहा जण न्यायालयात गेले. त्यांतल्या एकाने विरोधी उमेदवाराच्या फेसबुक पानाला ‘लाइक’ केलं होतं. खालच्या न्यायालयाने म्हटलं, ‘लाइक’ म्हणजे काही बोलणं नव्हे. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरवलं: ‘लाइक’ करणं हेही मत मांडणंच आहे आणि त्याला घटनेचं संरक्षण आहे. पण त्याच अपील न्यायालयाने १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या खटल्यात असंही म्हटलं होतं की डेप्युटी हा शेरीफचं धोरण रस्त्यावर राबवणारा माणूस, तेव्हा शेरीफने त्याच्याकडून राजकीय निष्ठा मागणं चालू शकतं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळतं, गावात मतदान जवळ आलं की डेप्युटीच्या घरात जेवणाच्या टेबलावर काय बोललं जात असेल.

मतदाराने निवडलेला शेरीफ चांगला असेल तर लोकांना त्याचा कॉलर धरता येतो, हे खरं. पण तो वाईट असला तर चार वर्षं त्याला थोपवणारं जवळपास कुणी नाही, हेही तितकंच खरं. काही शेरीफ तर आपण केंद्र सरकारच्याही वर आहोत असं मानतात. त्यांच्या बोलण्यात १९९७ चा एक निकाल हमखास येतो. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं काम केंद्राने काउंटीच्या शेरीफवर टाकलं होतं, त्याविरुद्ध मोंटानाचा एक आणि ॲरिझोनाचा एक असे दोन ग्रामीण शेरीफ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले. निकाल एवढाच होता की केंद्राने आपलं काम स्थानिक अधिकाऱ्यावर लादू नये. शेरीफ सर्वांच्या वर आहे, असं त्यात कुठेही नाही.

आणि कधीकधी अंतराचा हिशोब सगळ्यांनाच महाग पडतो. चेरीच्या पश्चिमेला शेरिडन काउंटी आहे. तिच्या उत्तर सीमेवर व्हाइटक्ले नावाची जेमतेम डझनभर माणसांची वस्ती, आणि तिथे बियरची चार दुकानं. वर्षाला सुमारे ३५ लाख कॅन विकली जायची. घेणारे कोण? सीमेपलीकडे साउथ डकोटात पाइन रिज हा आदिवासींसाठी आरक्षित प्रदेश आहे, तिथले लाकोटा जमातीचे लोक, कारण तिथे दारूबंदी. रस्त्यावर नशेत पडलेली माणसं, मारहाण, मृत्यू हे सारं वर्षानुवर्षं चाललं. शेरीफचं कार्यालय ३५ किलोमीटरवर रशव्हिलमध्ये. आदिवासी पोलीस काही मीटरवर असूनही राज्याची सीमा ओलांडली की त्यांचा अधिकार संपतो. शेवटी २०१७ मध्ये राज्याच्या मद्य आयोगाने परवाने नाकारले. कारण दिलं ते हे की इथे पुरेसा पोलीस बंदोबस्त नाही. दुकानं बंद पडली. मला यात एकाच गोष्टीची चीड येते: बंदोबस्त पुरेसा नाही, हे तिथल्या लाकोटा बायका कितीतरी वर्षं ओरडून सांगत होत्या.

या नोकरीतलं एक काम कुणालाच नको असतं. रात्री दोन वाजता लांबच्या घराच्या अंगणात शेरीफची गाडी वळते. कुत्रा भुंकतो, वरच्या मजल्यावर दिवा लागतो. शक्य असेल तिथे ही बातमी फोनवर देत नाहीत. डेप्युटी टोपी काढून हातात घेतो, आत यायची परवानगी मागतो, समोरच्याला बसायला सांगतो. त्याला शिकवलेलं असतं की शब्द आडवळणाचे वापरायचे नाहीत. आपण ‘गेला’ म्हणतो, ‘देवाघरी’ म्हणतो, तसे शब्द इंग्रजीतही आहेत, पण ते ऐकून आई विचारते, ‘कुठे गेला? कोणत्या दवाखान्यात?’ म्हणून मुलाचं नाव घेऊन सरळ सांगायचं, तो मेला आहे. मग गप्प राहायचं. पुष्कळदा ते नाव त्याच्याही ओळखीचं असतं, त्याने त्या पोराला कधी तरी वेग कमी कर म्हणून समज देऊन सोडलेलं असतं.

त्यानंतर तो विचारतो, कुणाला बोलवू? बहीण असते, शेजारीण असते. शेजारीण म्हणजे वीस किलोमीटरवरची. तिच्या पिकअपचे दिवे फाटकाशी दिसेपर्यंत तो त्या स्वयंपाकघरातच बसून राहतो, आणि काउंटीतून येणारे बाकीचे फोन तोवर डिस्पॅचर थोपवून धरते.